निकाल ते शपथ: आमदार नेमका कधी होतो?

प्रश्न असा आहे: २३ नोव्हेंबर २०२४ ला महाराष्ट्र विधानसभेचा निकाल लागला, पण आमदारांचा शपथविधी सुरू झाला ७ डिसेंबरला. मधले दोन आठवडे हे २८८ जण आमदार होते की नुसते विजयी उमेदवार? २६ नोव्हेंबरला जुन्या विधानसभेची मुदत संपली होती, मग राष्ट्रपती राजवट का लागली नाही? आणि महाविकास आघाडीच्या लोकांनी पहिल्या दिवशी शपथ घेतली नाही, तेव्हा त्यांची आमदारकी धोक्यात होती का?

माझी सगळी नोकरी विधिमंडळ सचिवालयात गेली. हे प्रश्न दर निवडणुकीनंतर कानावर येतात आणि दर वेळी टीव्हीवर त्यांची उत्तरं चुकीची दिली जातात. म्हणून आधी उत्तरच सांगून टाकतो. आमदारकी मतदानाने आणि राजपत्राने मिळते. शपथ घेतली की सभागृहात बसायचा आणि मत द्यायचा मार्ग मोकळा होतो, एवढंच. हे दोन टप्पे एक समजले की पुढचा सगळा घोळ सुरू होतो.

मतमोजणी संपली की निवडणूक निर्णय अधिकारी निकाल जाहीर करतो आणि विजयी उमेदवाराच्या हातात नमुना २२ मधलं प्रमाणपत्र ठेवतो. गुलाल उधळताना वर्तमानपत्रांत जो कागद हातात धरलेला दिसतो, तो हा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६७-क नुसार निकाल जाहीर झाला तोच निवडून येण्याचा दिवस. पुढच्या सगळ्या मुदती या तारखेपासून मोजतात, शपथेपासून नाही. निवडणूक खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे तीस दिवसांत द्यायचा असतो, आणि तो हरलेल्यालाही द्यावा लागतो. निवडीला आव्हान द्यायचं तर उच्च न्यायालयात पंचेचाळीस दिवसांत याचिका टाकावी लागते. २०२४ मध्ये मालेगाव मध्यची जागा १६२ मतांनी लागली, साकोलीची २०८ मतांनी. अशा ठिकाणच्या पराभूत उमेदवाराकडे ७ जानेवारी २०२५ पर्यंतच वेळ होता. शपथविधी झाल्यावर बघू, असं म्हणत बसला असता तर त्या पंचेचाळीस दिवसांतले पंधरा आयतेच गेले असते.

दुसरा टप्पा राजपत्राचा. लोकांना हा माहीतच नसतो आणि खरी गंमत इथेच आहे. त्याच कायद्याचं कलम ७३ सांगतं की निवडणूक आयोगाने विजयी सदस्यांची नावं अधिसूचनेने प्रसिद्ध केली की विधानसभा रीतसर गठित झाली असं मानायचं. अजून एकही बैठक झालेली नसते, अध्यक्ष नसतो, कुणी शपथ घेतलेली नसते, तरी सभागृह कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वात येतं. २०२४ ला ही अधिसूचना लगेच दुसऱ्या दिवशी, २४ नोव्हेंबरला, निघाली. आयोगाच्या अधिकाऱ्यांनी राजपत्राची प्रत राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन यांना नेऊन दिली. त्या क्षणी पंधरावी विधानसभा जन्माला आली होती. चौदावी अजून दोन दिवस जिवंत होती. नव्या सभागृहाच्या अधिसूचनेमुळे जुन्याची मुदत आखडत नाही, हेही त्याच कलमात लिहिलं आहे.

आता २६ नोव्हेंबरची भानगड. विधानसभेची पाच वर्षं निकालापासून किंवा मुख्यमंत्र्यांच्या शपथेपासून मोजत नाहीत. संविधानाच्या अनुच्छेद १७२ प्रमाणे ती पहिल्या बैठकीच्या तारखेपासून मोजतात. चौदाव्या विधानसभेची पहिली बैठक २७ नोव्हेंबर २०१९ ला झाली, म्हणून तिची मुदत २६ नोव्हेंबर २०२४ ला संपली. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी त्या दिवशी राजीनामा दिला आणि काळजीवाहू म्हणून ते काम बघत राहिले. तेवढ्यात "आज रात्री बारापर्यंत सरकार नाही बनलं तर राष्ट्रपती राजवट" अशा पट्ट्या चालू झाल्या. त्याला काही आधार नव्हता. नवी विधानसभा गठित झालेली होती, काळजीवाहू सरकार होतं आणि एका युतीकडे ढळढळीत बहुमत होतं: भाजप १३२, शिवसेना ५७, राष्ट्रवादी ४१. राष्ट्रपती राजवट अनुच्छेद ३५६ खाली राज्यपालांच्या अहवालावरून किंवा अन्यथा राष्ट्रपतींची खात्री पटल्यावर लागते. ती तारखेला आपोआप लागत नाही. मुख्यमंत्री कोण, गृहखातं कुणाकडे, यावरची घासाघीस हा राजकारणाचा विषय होता. संविधानाचा पेच त्यात कुठेच नव्हता.

ज्यांना हे पटत नाही त्यांना मी २०१९ ची आठवण देतो. त्या वर्षी निकाल २४ ऑक्टोबरला लागला. भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. युती फाटली, ९ नोव्हेंबरला तेरावी विधानसभा मुदत संपून विसर्जित झाली, १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट आली आणि चौदावी विधानसभा निलंबित अवस्थेत ठेवली गेली. हा शेवटचा तपशील महत्त्वाचा आहे. तेव्हा एकाही आमदाराने शपथ घेतलेली नव्हती, बैठकीचा तर पत्ताच नव्हता. तरीही सभागृह 'निलंबित' झालं, कारण ते आधीच अस्तित्वात आलेलं होतं. नसलेली गोष्ट निलंबित कशी करणार?

त्या महिन्यात या नव्या आमदारांची अवस्था बघण्यासारखी होती. परतीच्या पावसाने शेतात सोयाबीन आणि ज्वारीला कोंब फुटले होते, लोक आमदाराला बांधावर बोलवत होते, तो जातही होता. पण सरकारच नव्हतं, त्यामुळे मागणी न्यायची कुणाकडे? शेवटी खरिपासाठी हेक्टरी ८,००० रुपयांची मदत राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी जाहीर केली. मग २३ नोव्हेंबरला पहाटे राजवट उठली, सकाळी देवेंद्र फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. दरम्यान २५ तारखेच्या संध्याकाळी तीन पक्षांचे आमदार मुंबईतल्या एका पंचतारांकित हॉटेलात जमले, "आम्ही १६२" असा फलक लावला आणि आपापल्या नेत्यांशी निष्ठेची सामूहिक शपथ घेतली. म्हणजे चौदाव्या विधानसभेतल्या निम्म्याहून अधिक सदस्यांची पहिली शपथ हॉटेलात झाली. संविधानाच्या लेखी तिची किंमत शून्य, पण टीव्हीवर तीच जास्त दिसली.

२६ नोव्हेंबरला न्यायालयाने आदेश दिला: हंगामी अध्यक्ष (नवा अध्यक्ष निवडला जाईपर्यंत काम बघणारा) नेमा, उद्या सगळ्यांना शपथ द्या आणि संध्याकाळी पाचच्या आत बहुमत चाचणी घ्या, गुप्त मतदान नाही, थेट प्रक्षेपण करा. आधी शपथ आणि मग मतदान, हा क्रम न्यायालयाने घालून दिला तो उगाच नव्हे. शपथ न घेतलेला आमदार हा आमदारच असतो, पण मत देऊ शकत नाही. फडणवीसांनी त्याच दिवशी राजीनामा दिल्यामुळे चाचणी टळली. शपथविधी मात्र २७ ला सकाळी आठला सुरू झाला.

या मुद्द्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा सगळ्यात स्पष्ट निकाल बिहारचा आहे. फेब्रुवारी २००५ च्या निवडणुकीत तिथे कुणालाच बहुमत मिळालं नाही, मार्चमध्ये राष्ट्रपती राजवट आली आणि राज्यपाल बुटा सिंग यांच्या अहवालावरून २३ मे रोजी विधानसभा विसर्जित झाली. २४३ जण निवडून आले आणि एकानेही शपथ घेतली नाही. प्रश्न उभा राहिला की जी विधानसभा कधी भरलीच नाही ती विसर्जित करता येते का? रामेश्वर प्रसाद खटल्यात न्यायालयाने सांगितलं की कलम ७३ च्या अधिसूचनेने ती गठित झालेली होती, त्यामुळे पहिल्या बैठकीआधीही विसर्जन करता येतं. या विशिष्ट प्रकरणातलं विसर्जन मात्र घटनाबाह्य ठरवलं. तोवर नव्या निवडणुकीची प्रक्रिया सुरू झाली होती, म्हणून जुनी विधानसभा काही परत आली नाही. त्या २४३ पैकी जे पुढच्या खेपेला पडले त्यांनी आमदारकीची शपथ न घेताच आमदारकी गमावली.

त्याहून जुना एक निकाल उत्तर प्रदेशातून आलेला आहे, पशुपतीनाथ सुकुल खटल्याचा. राज्यसभेच्या उमेदवाराला सूचक म्हणून सही करणाऱ्या आमदाराने अजून शपथ घेतलेली नसेल तर ती सही चालते का? न्यायालय म्हणालं, चालते. तो सदस्य आहे, आणि राज्यसभेची निवडणूक हे सभागृहाचं कामकाज नव्हे. शपथेचं बंधन सभागृहात बसण्यापुरतं आणि मतदानापुरतं आहे. आमच्या कार्यालयात नव्या मुलांना मी हाच निकाल आधी वाचायला द्यायचो, कारण त्यात सीमारेषा अगदी नेमकी आखलेली आहे.

आता शपथेकडे येऊ. अनुच्छेद १८८ म्हणतो की प्रत्येक सदस्याने आपली जागा घेण्यापूर्वी राज्यपालांसमोर किंवा त्यांनी नेमलेल्या व्यक्तीसमोर शपथ घ्यायची. दोनशे अठ्ठ्याऐंशी जणांना राज्यपाल बसून शपथ देत नाहीत, म्हणून हंगामी अध्यक्ष. रिवाजाने एखादा ज्येष्ठ सदस्य नेमतात. २०१९ ला आणि २०२४ ला दोन्ही वेळी वडाळ्याचे कालिदास कोळंबकर होते. त्यांना स्वतःला राज्यपाल आदल्या दिवशी राजभवनावर शपथ देतात. एक बारकावा सांगण्याजोगा आहे: विधानसभा विसर्जित झाली तरी जुने अध्यक्ष नव्या सभागृहाच्या पहिल्या बैठकीच्या क्षणापर्यंत पदावर राहतात. म्हणजे २६ नोव्हेंबरला चौदावी विधानसभा संपली तरी तिचे अध्यक्ष राहुल नार्वेकर ७ डिसेंबरच्या सकाळपर्यंत अध्यक्षच होते.

शपथेच्या दिवशी सभागृहात काय चालतं? सदस्य येतो तेव्हा दालनाबाहेरच्या टेबलावर त्याचं निवडणूक प्रमाणपत्र बघून नोंद होते. आत सचिव एकेकाचं नाव पुकारतात. सदस्य पुढे येतो, त्याच्यासमोर मोठ्या अक्षरातला शपथेचा मसुदा असतो. मजकूर ठरलेला आहे, पर्याय एकाच ठिकाणी: "ईश्वरसाक्ष शपथ घेतो की" किंवा "गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो की". पुढे "कायद्याद्वारे स्थापित झालेल्या भारताच्या संविधानाबद्दल मी खरी श्रद्धा व निष्ठा बाळगीन". मग अध्यक्षांना नमस्कार, सदस्य नोंदवहीत सही, आणि त्यानंतरच आपल्या जागेवर. काही जण सही न करताच फोटोसाठी वळतात, त्यांना हाताला धरून परत आणावं लागतं. पहिल्यांदा आलेले मसुदा हातात असूनही अडखळतात, आणि तीन-चार वेळा निवडून आलेले बघायचं सोडून पाठ म्हणायला जातात आणि हमखास एखादा शब्द गाळतात. मग परत.

मसुद्यात नसलेलं काही जोडलं तर? आपल्याकडे "जय" म्हणून महापुरुषांची, आईवडिलांची, पक्षप्रमुखांची नावं घेण्याची हौस फार. मूळ मजकूर पूर्ण म्हटला असेल तर मागेपुढे दिलेल्या घोषणेमुळे शपथ बिघडत नाही, फार तर ती कामकाजातून काढतात. पण 'ईश्वर' या शब्दाच्या जागी दुसरं नाव घातलं की गोष्ट वेगळी होते. केरळमध्ये २००१ साली एका आमदाराने श्री नारायण गुरूंच्या नावाने शपथ घेतली. उच्च न्यायालयाने ती वैध धरली नाही, आणि त्यांना पुन्हा शपथ घ्यावी लागली. भाषेचं बंधन मात्र नाही. ९ नोव्हेंबर २००९ ला अबू आझमींनी हिंदीत शपथ घेतली म्हणून आपल्या सभागृहात धक्काबुक्की झाली, मनसेचे चार आमदार चार वर्षांसाठी निलंबित झाले. हिंदीतली ती शपथ पूर्ण वैध होती. चार वर्षांचं निलंबन आज टिकलं असतं का, मला शंका आहे. जुलै २०२१ मध्ये भाजपच्या बारा आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केलं होतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये सांगितलं की चालू अधिवेशनापलीकडे निलंबन करता येत नाही.

शपथ न घेता कुणी आत जाऊन बसलाच, तर अनुच्छेद १९३ प्रमाणे दर दिवसाला ५०० रुपये दंड. १९५० सालचा हा आकडा अजून तसाच आहे. दंडापेक्षा खरी अडचण वेगळी: त्याचं मत मोजता येत नाही, आणि काठावरच्या सभागृहात एका मताची किंमत काय असते हे सगळ्यांना ठाऊक आहे.

तेव्हा ७ डिसेंबर २०२४ च्या प्रश्नाचं उत्तर आता सरळ आहे. मतदान यंत्रांबद्दलच्या तक्रारींवरून महाविकास आघाडीने त्या दिवशी शपथ घेतली नाही. समाजवादी पक्षाच्या दोघांनी मात्र त्याच दिवशी घेतली आणि आघाडीतूनही बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी बाकीच्यांनी शपथा घेतल्या. या एका दिवसाने कुणाच्याही आमदारकीला धक्का लागण्याचा संबंध नव्हता. शपथेला कायद्याने शेवटची तारीखच नाही. सदस्यत्व जाऊ शकतं ते सभागृहाच्या परवानगीशिवाय साठ दिवस सगळ्या बैठकांना गैरहजर राहिलं तर, आणि तेही सभागृहाने जागा रिक्त जाहीर केली तर. त्या साठ दिवसांत अधिवेशन संस्थगित (म्हणजे राज्यपालांच्या आदेशाने संपवलेलं) असलेले किंवा सलग चार दिवसांहून जास्त तहकूब असलेले दिवस धरत नाहीत. आपली अधिवेशनं हल्ली किती दिवस चालतात ते बघितलं तर साठ दिवस भरायला बराच काळ लागेल. आजारपणामुळे किंवा कोठडीत असल्यामुळे महिन्यांनी शपथ घेणारे सदस्य देशभर झाले आहेत. अशांना अध्यक्षांच्या दालनातही शपथ देता येते.

पण आघाडी ८ तारखेला आली याला एक व्यवहारी कारण होतं. ९ डिसेंबरला अध्यक्षांची निवड आणि विश्वासदर्शक ठराव होता. शपथ नाही तर मत नाही, ठरावावर बोलणं नाही, सभात्यागसुद्धा नाही, कारण बाहेर पडण्यासाठी आधी आत बसावं लागतं. प्रत्यक्षात नार्वेकर बिनविरोध झाले आणि ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला, म्हणून ते फारसं जाणवलं नाही. ३० नोव्हेंबर २०१९ ला तसं नव्हतं. तेव्हा कोळंबकरांच्या जागी दिलीप वळसे-पाटील हंगामी अध्यक्ष होते, भाजपने सभात्याग केला आणि शिरगणती झाली. एकेक सदस्य उभा राहून आपलं नाव आणि आपला क्रमांक म्हणत गेला. आकडा १६९ वर थांबला, चौघे तटस्थ.

मंत्र्यांची शपथ आणि सदस्याची शपथ यांचा गोंधळही पुष्कळ जण करतात. ५ डिसेंबर २०२४ ला आझाद मैदानावर फडणवीस, शिंदे आणि अजित पवार यांनी घेतली ती पदाची आणि गोपनीयतेची शपथ. विधानसभा सदस्य म्हणून त्यांनीही ७ तारखेला इतरांसारखीच शपथ घेतली. मुख्यमंत्री व्हायला आमदार असावंच लागतं असं नाही, सहा महिन्यांत कुठल्या तरी सभागृहात यावं लागतं. उद्धव ठाकरे २८ नोव्हेंबर २०१९ ला मुख्यमंत्री झाले आणि मे २०२० मध्ये विधान परिषदेवर आले, मुदत संपत आलेली असताना.

पक्षांतरबंदीबद्दलही विचारणा असते, म्हणून थोडक्यात. संविधानाच्या दहाव्या अनुसूचीत, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, म्हटलं आहे की ज्या पक्षाने उमेदवारी दिली त्या पक्षाचाच तो सदस्य मानायचा. त्यामुळे शपथ झाली नाही तोवर मोकळं रान आहे, हा समज धोक्याचा आहे. अपक्षाने सरकारला पाठिंबा दिला तर चालतं, निवडून आल्यावर एखाद्या पक्षात रीतसर प्रवेश केला तर तो अपात्र ठरतो. राजीनाम्याची वाट मात्र खुली असते. गोव्यात मार्च २०१७ मध्ये काँग्रेसचे विश्वजित राणे शपथ घेऊन विश्वासमताच्या वेळी बाहेर पडले, त्याच दिवशी आमदारकी सोडली आणि पुढे भाजपकडून वाळपईत पुन्हा निवडून आले. पर्रीकरांचं सरकार २२ विरुद्ध १६ ने तरलं. कायद्याचं कलम न मोडता हे सगळं झालं.

राहिला विरोधी पक्षनेता. तो तुमच्या प्रश्नात नाही, पण निकालानंतरचा खरा न सुटलेला प्रश्न तोच. शिवसेना ठाकरे गटाचे २०, काँग्रेसचे १६, पवार गटाचे १०. एक दशांश म्हणजे २९, तेवढे कुणाकडेच नाहीत, म्हणून पद देता येत नाही असं सांगतात. हा एक दशांशाचा दंडक लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांच्या काळातल्या पक्षमान्यतेच्या निर्देशांतून आला. महाराष्ट्राचा विरोधी पक्षनेत्यांच्या वेतन-भत्त्यांचा १९७८ चा कायदा असा आकडा सांगत नाही. त्यात विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाचा आणि अध्यक्षांनी मान्यता दिलेला नेता, एवढंच आहे. १९६२ मध्ये २६४ जणांच्या सभागृहात शेकापचे पंधराच आमदार होते, तरी कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते होते आणि त्यांची भाषणं ऐकायला सत्ताधारी बाक भरलेले असायचे. मार्च २०२५ मध्ये ठाकरे गटाने भास्कर जाधव यांचं नाव अध्यक्षांना दिलं. माझ्या मते आकड्याची अट पुढे करून ते अडवण्याला कायद्याचा आधार नाही. अध्यक्षांचा अधिकार आहे, हे खरं, पण मग अधिकार वापरून नाकारतो असं म्हणावं.

आणि ज्यांनी शेवटी विचारलं होतं की मधल्या काळात दिलेलं आमदाराचं शिफारसपत्र चालतं का: चालतं. अधिसूचना निघाली की तो सदस्य आहे, पत्रावर 'विधानसभा सदस्य' लिहू शकतो. फक्त तहसीलदाराने ते पत्र फाईलला लावून नवं सरकार येईपर्यंत ठेवून दिलं तर त्यावर शपथेचाही इलाज नाही. पंधराव्या विधानसभेची मुदत ६ डिसेंबर २०२९ पर्यंत आहे, तेव्हा घाई नसावी.